नऊ वर्षांचा पाचोळा

"मंग आता कोन जाळते?" अकोल्यात जठारपेठेत रस्त्याच्या कडेला चिंच विकत बसलेल्या बाईनं मला विचारलं, आणि मी हातात घेतलेली चिंच परत तिच्या पाटीत ठेवली. त्याआधी ती एवढंच म्हणाली होती, "नाकेदारसाब ना तुमी? बाई नाई आली संगं?" मी तिला ओळखलं नव्हतं. बायको गेली, दिवाळीच्या आधी, अकरा दिवस पडून होती, असं मी तिला सांगितलं. हे वाक्य गेल्या पाच महिन्यांत इतक्यांदा बोललो आहे की ते तोंडात तयारच असतं. लोक त्यावर हळहळतात, कोणी देवाचं नाव घेतं, कोणी वय विचारतं. या बाईनं तसलं काही केलं नाही. तिनं तराजू खाली ठेवला, हात पदराला पुसले, आणि मग ते विचारलं. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी म्हणालो, काय जाळते? ती म्हणाली, "जंगल. आपल्या तिकडचं. आमाले इकडं आनून टाकलं, बाई गेली. मंग आता कोन जाळते?"

मग मी तिला ओळखलं. जमुना. बोरीढाण्याची. बोरीढाणा म्हणजे मेळघाटातली वीस-बावीस घरांची कोरकू वस्ती, माझ्या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर होती. मी तिथं बारा वर्षं वनरक्षक होतो. लोक वनरक्षक म्हणत नाहीत, नाकेदार म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी ती वस्ती उठवून खाली अकोटकडे सपाटीवर वसवली, तेव्हा मी बढती होऊन दुसरीकडे वनपाल होतो आणि निवृत्तीला आलो होतो. जमुना तेव्हा काळी, उंच, सडसडीत होती. आता पाठीत वाकली आहे. मी तिच्या नवऱ्यावर पहिल्याच वर्षी केस केली होती, मोहाच्या झाडाखालचा पाला पेटवला म्हणून. कोरकू लोक मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली जाळतात, आणि मी तिथं गेलो तो हे बंद करायचं ठरवूनच. तिच्या नवऱ्याला मी चालवत रेंज ऑफिसला नेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलो तर जमुना आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसलेली, आणि कौशल्या, माझी बायको, तिच्याशेजारी बसून तांदूळ निवडत होती. दोघी बोलत नव्हत्या. मी आत गेलो. कौशल्या आत आली नाही.

"काय बोलून रायली तू," मी जमुनाला म्हणालो, "बाई कशाले जंगल जाळन?" तशी ती हसली. तिचे खालचे दोन दात पडले आहेत. "तुमाले अजून माईत नाई?" ती म्हणाली. "बाई म्हने, साहेबाले सांगू नका वं, साहेब लिवते." शेजारी कोथिंबीर विकणारी बाई पण हसायला लागली, तिला काही कळलं नसताना. जमुना मग सांगत सुटली, गिऱ्हाईक थांबवून. मी महिन्याच्या मीटिंगला रेंज ऑफिसला जायचो, मुक्काम पडायचा. मार्गशीर्षात, पौषात, गवत अर्धं ओलं असताना, त्या दिवशी बाया निघायच्या. पाच-सहा जणी, कौशल्या पुढे. "वरतून लावाचं साब. खालतून लावलं त धावते. वरतून लावलं त म्हातारीवानी उतरते, थांबत थांबत. वाऱ्याच्या तोंडावर लावाचं. आन एका वर्साले एक तुकडा, दुसऱ्या वर्साले दुसरा. पोकळ झाडाच्या बुडाचा पाला बाई हातानं सारे, पाखरं रायते म्हने. दिवस बुडाला, दहिवर पडलं, का मरून जाये आपोआप." मी विचारलं, किती वर्षं? तिनं बोटांवर मोजलं नाही. "तुमी होते तवरीक," ती म्हणाली. "मंग आमी होतो तवरीक."

मी चिंच न घेता घरी आलो. कुलूप उघडलं, पंखा लावला, स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. घरात माणूस नसलं की कुठल्या खोलीत उभं राहायचं ते कळत नाही, म्हणून मी बहुतेक स्वयंपाकघरात उभा राहतो. तिथं निदान कामाच्या वस्तू आहेत. मला खरं म्हणजे जमुनाचा राग यायला हवा होता, की मेलेल्या बाईवर काहीही बोलते. पण राग येत नव्हता. कारण मला ते काळे तुकडे आठवत होते. मीटिंगहून परत येताना पाऊलवाटेच्या वरच्या अंगाला, कधी नाल्याच्या उतरणीवर, पंचवीस-तीस पावलांचा जळालेला तुकडा दिसायचा. कडा वेड्यावाकड्या. मधे उभी झाडं तशीच, बुडाशी फक्त काळी. मी कौशल्याला विचारायचो, हे काय? ती म्हणायची, जाळरेषा जाळली ना अंगाऱ्यांनी, तिचंच थोडं आत शिरलं, विझवलं लगेच. जाळरेषा म्हणजे आग थांबावी म्हणून आम्हीच आधी जाळून ठेवलेला पट्टा, आणि अंगारी म्हणजे आगीवर नजर ठेवणारे रोजंदारीचे मजूर. जाळरेषा तिथून अर्धा कोस दूर होती. मला ते माहीत होतं. मी तिला पुढे विचारलं नाही. आणि रजिस्टरमध्येही लिहिलं नाही, कारण लिहिलं की ती आग होते, आणि माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या ताब्यातल्या जंगलात, आग नव्हती. पहिल्या वर्षी नव्हती, दुसऱ्या वर्षी नव्हती, पाचव्या वर्षी साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. एकदा नाव घेतलं की माणूस त्याच्यासाठी डोळे मिटायला शिकतो. मी सगळं लिहितो असं ती म्हणायची. ते खरं नव्हतं.

तिच्या लुगड्यांना बारीक भोकं असायची, वाटाण्याएवढी, कडा पिवळ्या पडलेली. मी म्हणायचो, चुलीपाशी नीट बसत जा. ती बरं म्हणायची. तिच्या केसांना धुराचा वास यायचा आणि मी तो चुलीचाच समजायचो. जंगलातल्या क्वार्टरमध्ये सगळ्यालाच धुराचा वास असतो. ती धामणगाव रेल्वेच्या बाजूची, काळ्या मातीतली, शेतकऱ्याची मुलगी. लग्न झालं तेव्हा तिनं जंगल पाहिलेलं नव्हतं. पण तिच्या बापाच्या शेतात धुरे, म्हणजे बांध, जाळायचं काम तिच्याकडे असायचं, हे तिनं मला एकदा सांगितलं होतं. धुऱ्यावरचं गवत जाळायचं, पण पिकात ठिणगी जाऊ द्यायची नाही. ओली फांदी घेऊन आगीच्या पुढे पुढे चालायचं. "आग मागून चालली पायजे, आपल्या पुढं नाई," असं ती हसत म्हणाली होती. मी तेव्हा बुटाची नाडी बांधत होतो. शेवटच्या अकरा दिवसांत तिची वाचा गेली होती. उजवं अंग गेलं होतं. डाव्या हातानं ती चादरीवरून काहीतरी सारत राहायची, वरून खाली, वरून खाली. डॉक्टर म्हणाले, त्याला अर्थ नसतो. नसेलही. मला आता कशाचाच अर्थ लावायचा नाही, मला एवढंच माहीत आहे की तिच्याजवळ सांगायला काही होतं आणि बारा वर्षं मी ऐकण्यासारखा माणूस नव्हतो.

दुपारभर मी असाच होतो. मग जे आठवायला नको होतं ते आठवलं, आणि ते इतका वेळ आठवलं नाही याचीच भीती वाटली. अंकुर. माझा मुलगा अंकुर त्याच नाक्यावर आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला तीच बीट मिळाली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. तो माझ्याच पद्धतीनं काम करतो. माझी पद्धत म्हणजे काय, तर काही जळू द्यायचं नाही. काडी नाही, बिडी नाही, मोहाखाली नाही, तेंदूखाली नाही, कधीच नाही. मी नव्या वनरक्षकांच्या प्रशिक्षणात हे बोलायला जायचो. त्याचं दोन पानांचं टिपण झालं होतं, माझ्या नावासकट. अंकुरनं ते लॅमिनेट करून क्वार्टरच्या भिंतीला लावलं आहे. बारा वर्षं एक आग नाही, असं त्या टिपणात पहिल्याच ओळीत आहे. आणि मी स्वयंपाकघरात उभा राहून पहिल्यांदा हिशेब नाही, नुसतं चित्र पाहिलं. माझ्या बारा वर्षांत त्या डोंगराचा एकेक तुकडा दर हिवाळ्यात हळू जळत होता, म्हणून मोठी आग आली तरी तिला चालायला रस्ता नव्हता. नंतर मी गेलो, पण बाया होत्या. मग वस्ती उठली. त्यानंतर नऊ वर्षं तिथं काहीच जळलेलं नाही. सागाचं पान परातीएवढं असतं. वाळलं की पापडासारखं वाजतं. नऊ हिवाळे सागानं पानं टाकली आहेत. काही वाळवीनं खाल्ली असतील, काही कुजली असतील, पण त्यांच्यावर रानतुळस वाळून उभी आहे, रायमुनीची, म्हणजे घाणेरीची, जाळी झाडांवर चढली आहे, पडलेला बांबू आहे. आणि मार्च निम्मा झाला आहे.

मी अंकुरला फोन लावला. रेंज मिळायला तो टेकडीवर चढतो, म्हणून संध्याकाळी पाचला लागतो. "बोला बाबा," तो म्हणाला. मी विचारलं, नाल्याच्या बाजूला पाला किती आहे? "पाला काय, हायच की," तो म्हणाला. "गुडघ्याएवढा असन कुठं कुठं. पन टेन्शन घेऊ नका. एक काडी पेटली नाई. सॅटेलाइटवर आपली बीट क्लीन. नऊ वर्षं बाबा, तुमच्यापेक्षा जास्त होऊन जाईन आता." त्याच्या आवाजात माझाच आवाज होता, पंचवीस वर्षांपूर्वीचा. मी म्हणालो, उद्या येतो. तो म्हणाला, "काहून? तब्येत बरी हाय ना?" मागून प्रणाली, माझी सून, म्हणाली, "मामाजीले म्हना येताना चांगली तूरडाळ आना, इथं खडेच लय निंघते."

क्वार्टर डोंगराच्या सोंडेवर आहे. खालून नाला येतो, दोन्ही बाजूंनी उतार, आणि तो उतार चढत चढत सरळ क्वार्टरच्या मागच्या भिंतीला येऊन टेकतो. दिवसा चारच्या सुमाराला वारा नाल्यातून वर चढतो. उन्हाळ्यात आम्ही मागचं दार उघडून त्या वाऱ्याला बसायचो, कौशल्या आणि मी, आणि ती म्हणायची, फुकटचा कूलर. नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या रेंजमध्ये, मी एक वनमजूर जळालेला पाहिला होता. तो चढावर पळाला होता. घाबरलेला माणूस चढावरच पळतो, कारण आग खाली दिसते. पण चढावर आग माणसापेक्षा वेगानं पळते. त्याच्या पायातली चप्पल वितळून दगडाला चिकटली होती. मी ते कोणाला सांगितलं नाही, कौशल्याला सोडून. त्या रात्री तिनं मला काही विचारलं नाही, नुसता माझा हात धरून झोपली. आता वाटतं, तिनं तेव्हाच ठरवलं असेल. माझ्या पुढे आग येऊ द्यायची नाही. आग माझ्या मागून चालली पाहिजे.

सकाळच्या बसनं अकोटला गेलो, तिथून पोपटखेडवरून घाटात जाणारी गाडी धरली. खिडकीत बसून मी जंगल पाहत होतो, पण ते मला माझं वाटत नव्हतं. माणूस फार दिवसांनी आरशात बघतो आणि चेहरा ओळखीचाच असतो, पण कुठेतरी सूज असते, तसं. साग उघडे उभे होते. खाली तपकिरी पाला, एकसारखा, उतारभर, मधे मातीचा ठिपका नाही. गवत नव्हतं. तिथं पूर्वी गवत होतं हे मला माहीत होतं, कारण काळा तुकडा पडला की आठ-दहा दिवसांत त्यातून हिरव्या सुया यायच्या, आणि दिवस मावळताना सांबरं उतरायची. कौशल्या ओट्यावरून दाखवायची, "पाहा, तुमच्या गायी आल्या." मी समजायचो की माझ्या कडक पहाऱ्यामुळे जनावर वाढलं आहे, आणि तसं टिपणातही लिहिलं. गाडीत पुढच्या सीटवरचा माणूस ड्रायव्हरला म्हणत होता, या बाजूला चितळ दिसत नाही हल्ली, सगळं खाली शेतात जातं हरभरा खायला. ड्रायव्हर म्हणाला, "जनावराले बी अक्कल हाय भाऊ. वर काय पाला खाऊन मरते का?" मी त्या दोघांकडे पाहिलं. त्यांना कोणी प्रशिक्षण दिलेलं नव्हतं.

नाक्यावर उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. फाटकावर नवीन बोर्ड होता, हिरव्यावर पांढरं, "आगमुक्त बीट". प्रणालीनं पाणी दिलं, डाळीची पिशवी उचलून पाहिली आणि म्हणाली, "मामाजी, अर्धीच आनली? तुमाले इथं रायाचं नाई का काय?" मी म्हणालो, राहू शकतो. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसणं थांबवलं. अंकुर जाळरेषेवरून आला, खांद्याला पानं उडवायचं मशीन, अंगभर धूळ. त्यानं वाकून नमस्कार केला. मी त्याला म्हणालो, नाल्याकडे चल. "जेवून तरी घ्या," तो म्हणाला. मी चालायला लागलो होतो.

मागच्या दारापासून वीस पावलांवर पाला सुरू झाला. पाय ठेवला की नडगीपर्यंत जायचा आणि आवाज इतका व्हायचा की बोलणं ऐकू येत नव्हतं. खाली पायाला जमीन लागत नव्हती, काहीतरी दबणारं लागत होतं. झाडांवर पाखरू नव्हतं. बारा वर्षं मी या उतारावरून डोळे मिटून फिरलो असतो, आणि आता दगड कुठे, बीळ कुठे, काही कळत नव्हतं. सगळ्यावर तीच एक तपकिरी चादर. ऊन थेट खाली पडत होतं आणि पाल्यातून उष्ण, सुकलेला वास वर येत होता, भट्टीवरच्या पोत्यासारखा. मी थांबलो आणि तिथेच त्याला सांगितलं. जमुना भेटली. तुझी आई जाळायची.

अंकुर हसला. त्या वर्षांत तो शिकायला अकोल्याला होता. "आई? बाबा, आई गॅसचं बटन दोनदा पाहे झोपाच्या आधी. आई जंगल जाळन?" मी सगळं सांगितलं, वरून लावायचं, वाऱ्याच्या तोंडावर, एका वर्षाला एक तुकडा. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा बंद होत गेला. "एका चिंचवालीनं सांगितलं आन तुमी डाळ घेऊन निंघाले," तो म्हणाला. "तिच्या नवऱ्यावर केस केली व्हती ना तुमी? मंग ती काय चांगलं सांगन? आन आईनं असं केलं असतं त तुमाले दिसलं नसतं का?"

"दिसलं होतं," मी म्हणालो.

मी खाली बसलो. गुडघे दुखतात आता, बसायला वेळ लागला. हातांनी पाला सारायला लागलो. वरचा थर कोरडा, आख्खी पानं. त्याखाली चाळणीसारखी झालेली, शिरा उरलेली पानं. त्याखाली भुगा, त्याखाली दमट, तपकिरी, पांढऱ्या बुरशीचे धागे. मग माती आली. मातीच्या अंगावर, नखानं खरडलं तेव्हा, काळे कण होते. तांदळाच्या कणीएवढे, चकाकणारे. मी एक बोटात चिरडला आणि अंकुरच्या तळहातावर ओढला. रेघ उमटली. जाळरेषा इथून अर्धा कोस आहे, हे त्याला सांगावं लागलं नाही. तो स्वतः दहा पावलं बाजूला गेला, तिथं सारलं, तिथंही निघाले. आणखी खाली गेला, तिथं नाही निघाले, पुन्हा पलीकडे निघाले. तो तुकडे शोधत होता. बराच वेळ तो त्या उतारावर रांगत होता, सदतीस वर्षांचा माणूस, युनिफॉर्ममध्ये, आणि मी त्याला थांबवलं नाही. मला वाटलं, आपण दोघं एखाद्याचं घर उकरतो आहोत आणि ती कुठूनतरी म्हणेल, पुरे, हात धुवा.

तो परत आला तेव्हा त्याच्या हाताची बोटं काळी होती. "मंग आता जाळतो," तो म्हणाला. "अंगारी हाय चार. वरतून लावतो. आजच."

"आता नाही."

"काहून?"

"दव कुठं आहे? पौषात संध्याकाळी दव मारतं आगीला. आता काय मारेल? आता वरून लावली तरी ती नाल्यात उतरेल, आणि चार वाजता वारा फिरला की तिथून परत वर येईल. सगळा उतार घेऊन." मी हे बोलत होतो, पण मला ते कुठून माहीत होतं ते कळत नव्हतं. ती कधीतरी बोलली असेल आणि मी बुटाची नाडी बांधत असेन. "तीन महिने उशीर झाला," मी म्हणालो. "आता फक्त पाऊस."

पाऊस जूनच्या मध्याला. आम्ही दोघं खाली नाल्याकडे पाहत होतो. पलीकडून वाट जाते, मोहफुलं आता कधीही पडायला लागतील, खालच्या गावचे लोक येतील. सगळे वाईट नसतात. बिडी ओढतात, वेचायला जागा साफ व्हावी म्हणून काडी लावतात, आणि घरी जातात. पूर्वी ती काडी तिथंच मेली असती. अंकुर म्हणाला, "प्रणालीले अकोल्याले नेऊन सोडतो." मग म्हणाला, "क्वार्टरच्या मागून पन्नास मीटर रुंद पट्टा साफ कराचा. मातीपर्यंत. चार मानसांत नाई होत ते, वीस पायजेत, आठ दिवस. आन पौषात जाळाची परवानगी." मी म्हणालो, माग. तो कडवट हसला. "काय सांगून मागू? रेंज ऑफिसच्या वर्षाली मॅडम म्हनतीन, तुमची बीट त आगमुक्त हाय, तुमाले कशाले मजूर? तिकडं जळून रायलं त्याईले देऊ का तुमाले? तुमचं टिपन मॅडमच्या टेबलावर बी हाय बाबा. पूर्ण बंदी. बारा वर्षं. त्याच्यावरच त चालून रायलं सगळं." त्यानं काळी बोटं पँटला पुसली. "तुमीच लिवून दिलं पायजे. का ते खोटं व्हतं."

क्वार्टरमध्ये परत आलो. प्रणाली मला आधी जेवा म्हणाली, मग माझे हात पाहून पाणी आणायला वळली. तिला अंकुरनं बाहेर नेऊन सांगितलं. तिचा आवाज आला, "मी नाई जात. सासूबाई गेल्या होत्या का सोडून?" त्यावर अंकुर काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. मी टेबलाशी बसलो, कोरा कागद घेतला. महोदया, असं लिहिलं. पुढे सुचेना. माझ्याकडून असं घडलं, असं लिहिलं आणि खोडलं, कारण माझ्याकडून घडलं नव्हतं, माझ्याकडून फक्त न बघणं घडलं होतं. जे घडलं ते दुसऱ्या कोणाकडून घडलं होतं, आणि तिचं नाव मी कागदावर कधी घातलेलं नव्हतं, पेन्शनच्या वारस रकान्यात सोडलं तर. राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा आहे. तिचं नाव लिहिलं की ती गुन्हेगार होते. नाही लिहिलं तर हे सगळं एका म्हाताऱ्याचं बरळणं होतं, मजूर मिळत नाहीत, आणि मागच्या भिंतीला जे टेकलं आहे ते टेकलेलंच राहतं. मला कोऱ्या कागदावर लिहिता येत नाही. आयुष्यभर छापील रकाने भरले.

मी अंकुरला म्हणालो, गुन्हा रिपोर्टचं पुस्तक आण. तो दारात उभा राहिला. "आईवर?" तो म्हणाला. मी हात पुढे केला. त्यानं कपाटातून पुस्तक काढून दिलं आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला, पाठ माझ्याकडे करून.

चार वाजले असावेत. मागच्या दारातून वारा आत यायला लागला होता, नेहमीसारखा, नाल्यातून वर, आणि त्याच्याबरोबर उतारावरच्या पाल्याचा आवाज, कोणीतरी खूप लोक हळू चालत येत असल्यासारखा. मी पान उघडलं. गुन्ह्याचं ठिकाण लिहिलं, बोरीढाणा नाला, दोन्ही उतार. दिनांक, मार्गशीर्ष ते पौष, दरवर्षी. आरोपीचं नाव, कौशल्या उत्तम गावंडे. तिथं पेन थांबलं, मग गेलं. वय, तेव्हा एकतीस. राहणार, शासकीय क्वार्टर. सोबत कोण होते, या रकान्यात मी माहीत नाही असं लिहिलं. गुन्ह्याचा प्रकार, आग लावणे. कोणी पाहिला, मी. तक्रार देण्यास विलंब का झाला, या रकान्यात जागा फार थोडी असते. त्यात मी लिहिलं, विचारलं नाही. मग शेवटचा रकाना राहिला, वनाचं झालेलं नुकसान. तो मी हजारदा भरला असेन, झाडं मोजून, बुंध्यांचे घेर घेऊन. अंकुर ओट्यावरून उठून माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, निरंक.